बल्कहेड बसवताना गॅप ठेवाच
कोणीतरी म्हटलंय की फायबरग्लासच्या बोटीत नवा बल्कहेड (आतली आडवी भिंत) हलला, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाला, एकदम टेकवून बसवायचा आणि कडेने ग्लासची मॅट मारायची, त्यातलं टेकवणं मला अजिबात पटत नाही. बल्कहेडच्या प्लायवूडची कड थेट हलवर टेकली की तिथे हार्ड स्पॉट (न लवणारी कडक जागा) होतो, कधीकधी बाहेरून उभी रेघसुद्धा उमटते आणि लाटांचा मार बसला की सगळा ताण नेमका तिथेच येतो, म्हणून ५-६ मिमी गॅप ठेवून मध्ये फोमची पट्टी घाला आणि मग दोन्ही बाजूंनी घट्ट कालवलेल्या इपॉक्सीचा गोलसर फिलेट (कोपरा भरणारी पट्टी) ओढा, कारण ग्लासचं कापड काटकोनात नीट वळत नाही, कोपऱ्यात हवा राहतेच.

रेझिन इपॉक्सीच घ्या, महाग पडलं तरी. जुनं लॅमिनेट (हलचे ग्लास-रेझिनचे थर) केव्हाच क्युअर होऊन कडक झालेलं असतं, नवा थर फक्त घासलेल्या खाचांना धरून राहतो आणि ही पकड पॉलिएस्टर रेझिनची कमीच. आधी अ‍ॅसिटोनने पुसायचं, मगच ४०-६० ग्रिटच्या सँडपेपरने घासायचं, उलट केलं तर मेण, तेल सगळं खाचांत जातं. चकाकी कुठेही दिसता कामा नये.

आणि हो, इपॉक्सीबरोबर साधी चॉप्ड स्ट्रँड मॅट (आखूड ग्लास तंतूंची) नको, तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो आणि इपॉक्सीत स्टायरीन नसतंच, त्यामुळे मॅट ताठ राहते, कोपऱ्यात बसत नाही. बायअ‍ॅक्शियल (दोन दिशांनी तंतू असलेलं) कापड वापरा, वर पील प्लाय (रेझिन कडक झाल्यावर सोलून काढायचं कापड) टाका, नंतरचं घासणं बरंच वाचतं.