डिकलखालची चंदेरी झाक
मॉडेल विमानावरचं डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचं पातळ चित्र) सुकल्यावर खालून चंदेरी झाक दिसते, म्हणजे डिकल जुनं झालं असणार, असं तुम्ही म्हणता. मला वाटतं, दोष बहुधा मॅट (चकाकी नसलेल्या) रंगाचा. तो पृष्ठभाग खरखरीत असतो, त्यात हवा अडकते आणि तीच चमकते. आधी ग्लॉस (चकचकीत) वार्निशचा हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग डिकल. मॅट कोट सगळ्यात शेवटी.

बसलेल्या डिकलला सुईने बारीक टोचे मारून डिकल सॉफ्टनर (डिकल मऊ करणारं द्रव) सोडलं तर बरीच झाक जाते. तेव्हा डिकल सुरकुततं, पण घाबरून बोट लावू नका. माझ्या १/७२ मापाच्या स्पिटफायर विमानावरच्या डिकलचं अर्धं वर्तुळ असंच बोटाला चिकटून आलं!