मदत हवी आहे : उन्हाळी सुट्टीतल्या दुपारी लहान मुलांसोबत काय करता?

ख्रिस्तात सलाम. माझी मुलं चार आणि सात वर्षांची. आमच्या मंडळीची (चर्चची) सुट्टीतली बायबल शाळा आठवडाभरात संपली, आता दुपारी मोबाईलचा हट्ट सुरू. मला सुट्टीचं वेळापत्रक करायचं नाही. मुलांनी मनसोक्त खेळावं आणि खेळता खेळता देवाची ओळख व्हावी, एवढंच. गच्चीवर पाखरांना पाणी ठेवताना बायबलमधलं मत्तय ६:२६ (देव आकाशातल्या पाखरांना खाऊ घालतो) सांगते, ते दोघांना फार आवडतं. स्तोत्र २३ (‘परमेश्वर माझा मेंढपाळ’) एकेक वचन पाठ करतोय. थोरली वचन म्हणते आणि धाकटा मेंढरू होऊन रांगतो (तेही चालतं!). पण सहाच वचनं आहेत, पुढे कोणतं स्तोत्र घ्यावं? बारा ते चार घरात काय करता? आणि पुण्याहून केडगावला, पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रिया-मुलांसाठी काढलेलं मुक्ती मिशन दाखवायला, एवढ्या लहान मुलांना कुणी नेलंय का?