कर्नल वाचताना सीटॅग्ज भलत्याच आर्किटेक्चरमध्ये नेतं, काय करावं?

गवतफुला

मंडळी, नमस्कार. नव्या कामात आर्म६४ (६४-बिट आर्म प्रोसेसरचा) बोर्ड आहे, म्हणून लिनक्स कर्नलचा सोर्स वाचायला घेतलाय. एडिटर विम. सगळ्यात वरच्या फोल्डरमधून सीटॅग्ज (सोर्समधलं कुठलं नाव कुठल्या फाइलमध्ये आहे याची यादी करणारं साधन) रिकर्सिव्ह चालवलं, भलीमोठी टॅग्ज फाइल तयार झाली. इनिट/मेन.सी मधल्या स्टार्ट_कर्नल() पासून वाचायला बसले. तिथे सेटअप_आर्च() वर कर्सर ठेवून कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबला, की थेट आर्च/अल्फा/कर्नल/सेटअप.सी उघडतं. मला अल्फा प्रोसेसरशी काही देणंघेणं नाही!

दुसरं म्हणजे सिस_ओपन (फाइल उघडण्याचा सिस्टिम कॉल) शोधलं तर टॅगच सापडत नाही. आणि एखाद्या फंक्शनला कोण कोण बोलावतं, ते कसं काढायचं? ग्रेपने मजकूर शोधून शोधून डोळे शिणले.

सोर्सवाचक

ताई, सीटॅग्ज हाताने चालवू नका. कर्नलच्या मेकफाइलमध्येच (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) याची सोय आहे आणि ती फार विचार करून केलेली आहे. 'मेक आर्च=आर्म६४ टॅग्ज' एवढंच द्या. आर्च सांगायला विसरू नका, नाहीतर इंटेलच्या लॅपटॉपवर ते एक्स८६ धरून चालतं. कर्नल एकदा बिल्ड करून झालं असेल, तर त्याच ओळीत 'कंपाइल्ड_सोर्स=१' जोडा. मग तुमच्या कॉन्फिगमध्ये (कर्नलसाठी निवडलेल्या पर्यायांत) खरोखर कंपाइल झालेल्या फाइलीच घेतल्या जातात. कधीही न लागणारे शेकडो ड्रायव्हर बाहेर राहतात आणि वाचताना डोकं शांत राहतं.

अल्फाच का उघडतं? टॅग्ज फाइल विममध्ये उघडून बघा, साधा मजकूर आहे. प्रत्येक ओळीत आधी नाव, मग टॅब, मग फाइलचा पाथ, मग तिरप्या रेघांमध्ये त्या फंक्शनची सोर्समधली ओळ जशीच्या तशी. ओळी अक्षरक्रमाने लावलेल्या असतात. सेटअप_आर्च जवळजवळ प्रत्येक आर्किटेक्चरमध्ये आहे आणि त्यात अल्फा पहिला. आधी जी दाबून मग कंट्रोल-कंस दाबलं, तर विम सगळे पर्याय समोर मांडतं. परतीला कंट्रोल-टी.

तिथे ओळीचा नंबर नसून मजकूर असतो, हे मला फार आवडतं. वर चार ओळी घातल्या-काढल्या तरी उडी बरोबर जागी पडते.

सिस_ओपनचं कारण वेगळं आहे. त्या नावाचं फंक्शन सोर्समध्ये सरळ लिहिलेलंच नाही. एफएस/ओपन.सी मध्ये 'सिसकॉल_डिफाइन३(ओपन, ...' असा मॅक्रो (कंपाइल होण्याआधी उलगडून कोड बनणारा साचा) आहे आणि नाव तो जोडतो. सीटॅग्ज मॅक्रो उलगडत बसत नाही. कर्नलची स्क्रिप्ट्स/टॅग्ज.एसएच ही स्क्रिप्ट नेमकं हेच सीटॅग्जला रेगेक्सने (मजकुराच्या नमुन्यांनी) शिकवते, म्हणून 'मेक टॅग्ज' नंतर सिस_ओपन मिळेल. ती स्क्रिप्ट नक्की वाचा. कर्नलमध्ये कुठले मॅक्रो नावं बनवतात, याची अख्खी यादी आयती हाताला लागते.

आणि तुमच्याकडे कुठलं सीटॅग्ज आहे तेही तपासा. जुन्या एक्झ्युबरंट सीटॅग्जची शेवटची आवृत्ती ५.८, २००९ सालची. आता युनिव्हर्सल सीटॅग्ज घ्यावं.

'कोण बोलावतं' हा प्रश्न मात्र सीटॅग्जला विचारू नये, त्यासाठी सीस्कोप. बेल लॅब्जमधलं जुनं हत्यार, २००० साली मुक्त परवान्याखाली खुलं झालं. वरच्याच कमांडमध्ये टॅग्जच्या जागी सीस्कोप लिहा. विममध्ये इंडेक्स जोडला की 'सीएस फाइंड सी' आणि फंक्शनचं नाव. निओविम असेल तर ०.९ पासून आतला सीस्कोप काढलाय, तेव्हा टर्मिनलमध्ये 'सीस्कोप डॅश डी' चालवा. डॅश डी म्हणजे इंडेक्स पुन्हा न बांधता आहे तोच वापर.

खटपट्या

बिल्ड करणारच असाल तर क्लँगडी (एडिटरला कोडची माहिती पुरवणारा क्लँग कंपायलरचा सर्व्हर) का नाही? 'मेक कंपाइल_कमांड्स.जेसन' केलं की झालं. त्याच्या आत खरा कंपायलर आहे, मॅक्रोसुद्धा समजतो.

सोर्सवाचक

क्लँगडी उत्तमच, कोड लिहिताना मीही तोच लावतो. पण तो तुमच्या कॉन्फिगपुरतंच बघतो आणि आधी बिल्ड लागतो. सर्व्हरवर एसएसएचने जाऊन अनोळखी सोर्स चाळायचा, तिथे टॅग्जच बरे. नवीन माणसाने आधी हे शिकावं असं माझं ठाम मत आहे, कारण कुठली माहिती कुठून आली ते डोळ्यांना दिसतं.

गवतफुला

आर्च दिल्यावर सेटअप_आर्च थेट आर्म६४ मध्ये उघडलं, सिस_ओपनही सापडलं. मनापासून आभार! आता फाइल वाचणाऱ्या व्हीएफएस_रीड() पाशी अडलेय. तिथे फाइल->एफ_ओपी->रीड असं बोलावलंय. सीस्कोप पुढे नेईना.

सोर्सवाचक

नेणारही नाही. तो फंक्शन पॉइंटर, म्हणजे फंक्शनचा पत्ता ठेवणारा खाना आहे, कुठे जायचं ते कर्नल चालू असताना ठरतं. इथे प्रश्न उलटा करायचा: या खान्यात कोणी काय भरलंय? त्याच फंक्शनमध्ये खाली बघा, रीड नसेल तर रीड_इटर वापरतात. तुमची फाइल ईएक्सटी४ फाइलसिस्टिमवर असेल तर 'गिट ग्रेप' ने एफएस/ईएक्सटी४ मध्ये '.रीड_इटर' शोधा, टिंबासकट. फाइल.सी मध्ये ईएक्सटी४_फाइल_रीड_इटर सापडेल. त्यावर कर्सर ठेवा आणि पुन्हा कंट्रोल-कंस. तुमच्या बोर्डाच्या ड्रायव्हरसाठीही हीच रीत: आधी त्याचं फाइल_ऑपरेशन्स स्ट्रक्चर गाठा, मग एकेक खाना उघडत जा. कुठे अडलात तर फाइलचं नाव देऊन इथेच लिहा.