क्यू आहे पण मागे यू नाही, असे पाच अक्षरी इंग्रजी शब्द सुचवा

तिरपी_रेघ
नमस्कार मंडळी. रोज वर्डल (पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा) आणि सुट्टीच्या दिवशी भाचीबरोबर स्क्रॅबल (हातातली अक्षरं पटावर लावून शब्द बनवायचे), असं दुहेरी व्यसन लागलंय. भाचीचा शब्दसाठा माझ्याहून कमी, तरी जिंकते तीच. मला अर्थ विचारा, सांगतो. पण 'पाच अक्षरं, शेवटी टी, मधे जी आणि एच' असं विचारलं की पाटी कोरी. त्यात मी मनातल्या मनात मराठीत मोजतो, त्यामुळे 'नाइट' तीनच अक्षरांचा वाटतो!
यू नसलेले क्यूचे शब्द हवेतच, शिवाय ए-ई-आय-ओ-यू यांपैकी एकही नसलेले शब्दही सांगा. आणि अशा याद्या पाठ करून काही उपयोग होतो का?

खोडरबर
याद्या पाठ करू नका. मी केल्या होत्या. आठवड्यात सगळं साफ. नुसत्या आकारावरून गोळा केलेले शब्द डोक्यात टिकत नाहीत, त्यांना काहीतरी खुंटी लागते.

जुनी_वही
खुंटीचं बरोबर आहे, आणि क्यूच्या बाबतीत ती आपल्याकडे आयती आहे. अरबीत घशातून उच्चारायचा एक 'क' आहे, काफ. इंग्रजीत लिहिताना त्याच्या जागी बरेचदा क्यू वापरतात, आणि तिथे यूची गरज पडत नाही. त्यातले निम्मे शब्द मराठीत कधीचे येऊन बसलेत. फकीर: एफ-ए-क्यू-आय-आर. तलाक: टी-ए-एल-ए-क्यू. नकाब: एन-आय-क्यू-ए-बी (इंग्रजीत 'निकाब'). बुरखा: बी-यू-आर-क्यू-ए, यात यू आहे पण क्यूच्या मागे नाही. चारही बरोब्बर पाच अक्षरी. पाचवा 'कनात', क्यू-ए-एन-ए-टी. हा मात्र तंबूचा पडदा नव्हे, इराणातला पाणी वाहून नेणारा भुयारी कालवा. फकीर आणि बुरखा के घालूनही लिहितात, तेव्हा हातात काय आहे ते बघा.
स्क्रॅबलच्या इंग्रजी संचात क्यू एकच आणि यू चार. ते चार आधीच पटावर गेले की क्यू गळ्यात अडकतो. त्यासाठी क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द लक्षात ठेवा, उच्चार 'ची', चिनी विचारातली प्राणशक्ती. एकट्या क्यूचेच दहा गुण.

मूक_एच
स्वर नसलेल्यांत बहुतेक ठिकाणी वाय स्वराचं काम करतो. निम्फ, लिम्फ (लसिका), क्रिप्ट, ट्रिस्ट, ग्लिफ, पिग्मी. आणि माझा लाडका एम-वाय-आर-आर-एच, म्हणजे आपला हिराबोळ. शेवटचा एच कुणी उच्चारत नाही, म्हणून कुणाला आठवतही नाही.
वायसुद्धा नको असेल तर सी-आर-डब्ल्यू-टी-एच. 'क्रूथ', वेल्समधलं एक तंतुवाद्य. तिथे डब्ल्यू हा स्वर आहे. वर्डलमध्ये याची वाट बघत बसू नका, तो स्क्रॅबलपुरताच.

कोडेबहाद्दर
धागाकर्त्याने विचारलेला टी-वाला प्रश्न मागेच पडला. माझी वर्डल सलग जिंकण्याची मालिका तिथेच दोनदा तुटली, म्हणून सविस्तर लिहितो. शेवटची चार अक्षरं आय-जी-एच-टी हिरवी (अक्षर आणि जागा दोन्ही बरोबर) झाली की आपण खूश होतो, पण पंचाईत तिथूनच सुरू. एट, फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट. रोजच्या वापरातलेच आठ! प्रयत्न एकूण सहा, त्यातले दोन-तीन आधीच गेलेले. एकेक लावत बसलात तर नशिबाचा खेळ.
अशा वेळी उत्तर नाही हे माहीत असलेला शब्द मुद्दाम टाकायचा. मी 'फिल्म्स' टाकतो. एफ, एल, एम, एस चारही एका फटक्यात तपासले जातात. काहीच लागलं नाही तर 'इनर्ट', आय-एन-ई-आर-टी. ई पिवळा (अक्षर आहे, पण जागा चुकली) आला तर एट, एन आला तर नाइट, आर आला तर राइट, आणि तिन्ही राखाडी (शब्दात नाहीतच) असतील तर टाइट. तिसऱ्या खेळीत शब्द हातात, हमखास.

खोडरबर
हार्ड मोड चालू असेल तर हे जमणार नाही. सापडलेली अक्षरं तिथे पुढच्या प्रत्येक शब्दात वापरावीच लागतात.

कोडेबहाद्दर
खरंय. म्हणून मी हार्ड मोडच्या वाटेला जात नाही, लोक काहीही म्हणोत.

जुनी_वही
अवांतर: वर्डलचं स्पेलिंग अमेरिकन. शाळेत यू घालून शिकलेले 'कलर', 'फेवर', 'ऑनर' सहा अक्षरी, म्हणून आपण त्यांचा विचारच करत नाही. यू काढला की तिन्ही पाचात बसतात.

तिरपी_रेघ
केवढं मिळालं! काफची गोष्ट तर माहीतच नव्हती. एक राहिलं, असे शब्द स्वतःच शोधायचे तर?

मूक_एच
वनलुक या संकेतस्थळावर माहीत नसलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाका. एक प्रश्नचिन्ह आणि पुढे आय-जी-एच-टी लिहिलं की सगळी वरात समोर येते. फक्त खेळ संपल्यावर बघा, चालू खेळात बघितलंत तर खेळायचं कशाला?

तिरपी_रेघ
ताजी खबर: काल फकीर लावला. भाचीने आक्षेप घेतला, शब्दकोश उघडला, आणि तिचीच पाळी गेली. नुसत्या अक्षरांचे सतरा गुण, पट मात्र तरीही तिनेच जिंकला. झेड शेवटपर्यंत माझ्याकडेच पडून होता. झेडवाले कुणी आहे का इथे?