तालुक्यात दिव्यांग मुलांच्या पालकांचा गट: सुरुवात कशी, मागणी कोणाकडे?

सांजवात७ (प्रश्न)
आमच्या उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदाच येतात, तेही नेमके बाजाराच्या दिवशी. एसटीत पाय ठेवायला जागा नसते, त्यात कडेवर मोठं मूल. थेरपीला येणाऱ्या आठ-दहा जणी एकमेकींना फक्त तोंडओळखीने ओळखतात. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, डाऊन सिंड्रोम, सगळी मुलं आहेत. बहुतेकींचं हळदीकुंकू, लग्नकार्य, माहेर सगळं सुटलंय. गट करायचाय. आधी संस्था नोंदवावी का? आणि वार बदलून द्या हे सांगायचं कोणाला?

पारावरचा
नोंदणीचं नंतर बघा. आधी बसायची सोय.

भेट थेरपीच्याच दिवशी ठेवा, वेगळी फेरी कोणालाच जमत नाही. खोली तळमजल्यावर हवी, कमोड असलेलं स्वच्छतागृह जवळ, आणि माईक अजिबात नको. ऑटिझम असलेली मुलं माईकच्या आवाजाने कावरीबावरी झाली की दहा मिनिटांत अर्ध्या आया उठून जातात. दीड तास पुरे.

मुलांकडे आळीपाळीने दोघींनी बघायचं, बाकीच्यांनी मुलांकडे पाठ करून बसायचं. हे जमलं नाही तर भेट म्हणजे घरचंच काम दुसऱ्या खोलीत. बघणारीच्या हातात प्रत्येक मुलाचा अर्ध्या पानाचा कागद हवा: काय खातं, किती पातळ, कशाने बिथरतं, शांत कशाने होतं. फिटचा त्रास असेल तर ते लाल शाईत: कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ बघायचं. ५ मिनिटांवर गेली तर १०८ ला फोन, आणि डॉक्टरांनी नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो त्यांनी सांगितलेल्या मात्रेतच. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला आडवं ठेवून भरवू नका. बसवून, मान किंचित पुढे.

व्हॉट्सॲप गट दोन करा. एकात फक्त तारखा-सूचना, दुसऱ्यात गप्पा. एकच असला की सुप्रभात आणि ‘स्टेम सेलने पूर्ण बरे’ असल्या फॉरवर्डच्या खाली बसची वेळ गाडली जाते.

ज्या घराचं दारच उघडत नाही तिथली खबर आशाताई आणि अंगणवाडीताईंना असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी करतं, त्यांनाही मुलं माहीत असतात. याद्या मागू नका, देणार नाहीत आणि देऊही नयेत. गटाचा फोन नंबर त्यांच्याकरवी घरात पोचवा.

आवकजावक
वार बदलण्याचा अर्ज उपजिल्हा रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना, प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना. एका अर्जात एकच मागणी. चौदा मागण्यांचं निवेदन टेबलाटेबलावर फिरतं, कारण कोणत्याच टेबलाचं ते पूर्ण काम नसतं. थेरपी आरोग्याकडे, विशेष शिक्षक गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, साहित्य दिव्यांग कल्याणकडे.

सोबत एक तक्ता जोडा: मुलाचं वय, गाव, अंतर, बसची वेळ, भाडं, बुडणारी मजुरी, गेल्या तीन महिन्यांत चुकलेल्या थेरप्या आणि का चुकल्या. नावं नकोत, सह्या अर्जावर. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ असं लिहू नका, तसं लिहिलं की कार्यवाही म्हणून अर्ज फाईलला लागतो. ‘मंगळवारऐवजी गुरुवार, सकाळी १० ते १’ असं लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका.

उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एक, मजकूर १५० शब्दांच्या आत, मुदत ३० दिवस. पण आधी अधीक्षकांना समोर बसून भेटा. तिघीच जा, त्यातली एक बोलेल.

सांजवात७
तक्ता या आठवड्यातच भरून घेते. अजून दोन: शिबिरात मिळालेल्या खुर्च्या मुलांना होतच नाहीत. आणि ग्रामपंचायतीचे ५ टक्के म्हणतात ते काय?

मोजपट्टी
खुर्चीची मापं तुम्हीच घेऊन जा. मूल कडक पाटावर बसवून कमरेची रुंदी, पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खळीपर्यंतची लांबी (बैठक त्याहून दोन बोटं कमी), खळीपासून टाचेपर्यंत. बैठक लांब झाली की खळीला कड लागते, मूल पुढे घसरतं, पाठीला पोक येतं. मोठ्यांची व्हीलचेअर ‘वाढत्या अंगाची’ म्हणून घेऊ नका. दिव्यांगांना साहित्य देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत तेच साहित्य पुन्हा मिळायला ३ वर्षं थांबावं लागतं, १२ वर्षांखालच्या मुलाला मात्र १ वर्ष. नोंदणीच्या वेळीच सीपी (सेरेब्रल पाल्सी) चेअर असं लिहून घ्या. वाटपाच्या दिवशी भांडून उपयोग नसतो, माल आधीच आलेला असतो.

ग्रामसभा_नोंद
ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मागणी अंदाजपत्रकाच्या आधी नेली नाही तर मार्चमध्ये सगळ्यांना सारखी रक्कम वाटून मोकळे होतात. ग्रामसभेच्या इतिवृत्तात मागणी शब्दशः लिहून घ्या.

शाळेतही जागा आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असतात, त्यात वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात स्थान द्यायचं असतं, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून दिव्यांग मूल वंचित घटकात धरलं जातं. रॅम्पच्या उताराबद्दल तिथे बसून बोललेलं ठरावात येतं.

नोंदणीबाबत पारावरच्यांशी पूर्ण सहमत नाही. घाई नको हे खरं, पण १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात पालक संघटनेला स्वतंत्र नोंदणी आहे, आणि जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक स्तर समितीत अशा नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी बसतो. मुलं अठराची झाली की कायदेशीर पालकत्व तिथेच ठरतं. त्या टेबलावर आईबापांपैकी कोणी असणं मोलाचं.

पारावरचा
मान्य, पण संस्था नोंदवायची म्हणजे किमान सात जण, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात फेरफार अर्ज. हे सांभाळणारं माणूस सापडेपर्यंत थांबा. शक्यतो एखादे वडील धरा. हिशेबाच्या निमित्ताने ते भेटीला यायला लागतात, एरवी बाहेर गाडीवरच बसून राहतात.