डिफ्रॅगने खरंच फरक पडतो का, की नुसतं मनाचं समाधान?

खटपट्या: लॅपटॉप जुना आहे, विंडोज १०, १ टीबीची ५४०० आरपीएमवाली (मिनिटाला ५४०० फेऱ्या) हार्ड डिस्क, एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी, न फिरणारी डिस्क) नाही. हल्ली चालू केला की डेस्कटॉप यायला चार-पाच मिनिटं, वर फोल्डर उघडला की तो हिरवा पट्टा सरकत बसतो. काल रात्रभर डिफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फाईलींचे तुकडे पुन्हा सलग मांडणं) लावला, सकाळी बघतो तर जैसे थे. माझं मत, डिफ्रॅग ही विंडोज ९८ च्या काळातली अंधश्रद्धा आहे, ते रंगीत चौकोन सरकताना बघायला छान वाटायचं एवढंच. कोणाला खरंच फरक जाणवलाय का?

जुनं_ते_सोनं: अंधश्रद्धा कशी काय? साधं गणित करा. ५४०० आरपीएम म्हणजे तबकडीची एक फेरी ११ मिलिसेकंदांत, म्हणजे हवा तो भाग हेडखाली (डेटा वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी साडेपाच, शिवाय हेड सरकायला दहाएक, म्हणजे दर उडीला पंधरा मिलिसेकंद धरा. एका फाईलचे हजार तुकडे असतील तर १५ सेकंद नुसत्या उड्या मारण्यात गेले ना राव. एसएसडीला हेडच नाही म्हणून तिथे डिफ्रॅगची गरज नाही, पण फिरणाऱ्या डिस्कला आहेच.

पाटीकोरी: गणित बरोबर पण हजार तुकडे आणले कुठून? एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाईली मांडायची व्यवस्था) नवीन फाईलला शक्यतो सलग जागा बघते, आणि व्हिस्टापासून विंडोज स्वतःच ठरलेल्या वेळी गुपचूप डिफ्रॅग करते, लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असला म्हणजे झालं. शिवाय ६४ एमबीपेक्षा मोठ्या तुकड्यांना ती हातच लावत नाही, कारण एवढा तुकडा वाचायलाच अर्धा सेकंद जातो, त्यापुढे पंधरा मिलिसेकंदांची काय मातब्बरी. आणि चालू होताना मशीन एक मोठी फाईल नाही तर हजारो बारक्या फाईली वाचतं, त्या प्रत्येकी सलग असल्या तरी डिस्कभर पसरलेल्याच, म्हणजे उड्या आहेतच.

जुनं_ते_सोनं: हे अर्धवट झालं. एक्सपीपासून विंडोज चालू होताना काय काय लागतं त्याची नोंद ठेवते आणि दर तीनेक दिवसांनी त्या फाईली ओळीने जवळजवळ मांडते, ते कामही डिफ्रॅगरच करतो. म्हणून ते शेड्यूल बंद करू नका असं मी घसा कोरडा करून सांगतो. आणि डिस्क ९५ टक्के भरली असेल तर सलग जागा मिळणार कुठून, त्यात टॉरेंट (फाईल तुकड्यातुकड्यांनी डाउनलोड करणारं) असेल तर बघायलाच नको.

निवांत: मधेच लाईट गेली तर डेटा उडतो म्हणे? म्हणून मी कधी केलंच नाही.

जुनं_ते_सोनं: @निवांत नाही उडत सहसा, आधी नव्या जागी कॉपी होते मग पत्ता बदलतो. बॅकअप मात्र असावाच.

पाटीकोरी: @खटपट्या वाद राहू दे, तू आधी अॅनालाइज दाबून टक्के किती येतात ते बघितलंस का? आणि डिस्कची तब्येत? स्मार्टमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणारे संशयित भाग, किती ते बघ. खराब सेक्टर असला की डिस्क तोच भाग पुन्हा पुन्हा वाचायला जाते आणि मशीन सेकंदच्या सेकंद लटकतं, लक्षणं अगदी तुझ्यासारखीच. आणि तसं असेल तर रात्रभर डिफ्रॅग म्हणजे आजारी माणसाला डोंगर चढायला लावणं.

खटपट्या: आत्ता बघितलं. फ्रॅगमेंटेशन १ टक्का (अर्थात रात्रीच डिफ्रॅग केल्यामुळे असेल). पेंडिंग सेक्टर ४८, वर पिवळं सावधान. आयला.

जुनं_ते_सोनं: मग आता डिफ्रॅगचं नाव काढू नका, आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे घ्या, लगेच. पण याचा अर्थ डिफ्रॅग निरुपयोगी असा नाही हं, ताप टायफॉइडचा असताना क्रोसिनला नावं ठेवण्यासारखं आहे ते.

पाटीकोरी: टायफॉइडला क्रोसिन देऊन रात्रभर वाट बघितली हेच तर म्हणतोय मी.

खटपट्या: तुम्ही भांडा, मी कॉपीला लावलंय. ३ तास दाखवतंय, मघाशी २ दाखवत होतं.