घरी प्लग आहे का, तेवढं आधी बघा

रोजचं जाऊन-येऊन ३० मैल, वीकेंडला लांबची ट्रिप, म्हणून टोयोटाची प्रायस प्राइम (प्लगला लावून चार्ज करायची प्लग-इन हायब्रिड, २०२५ च्या मॉडेलपासून नावच ‘प्रायस प्लग-इन हायब्रिड’) घ्यावी की चार्ज करावी न लागणारी साधी प्रायस हायब्रिड, असा तुमचा प्रश्न आहे ना? मग मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे प्लग आहे का. प्राइमच्या एसई मॉडेलची इलेक्ट्रिक रेंज ४४ मैल आहे, म्हणजे तुमचं येणं-जाणं अख्खं बॅटरीवर होतं आणि घरी आल्यावर साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटला लावून ठेवली की सकाळपर्यंत आरामात फुल, वेगळा चार्जर बसवायची काही गरज नाही.

पण विजेचा रेट बघितल्याशिवाय प्लीज सही करू नका! ३० मैलांना साधारण ८ युनिट लागतात. युनिटला १६ सेंटचा रेट असेल तर सव्वा डॉलरच्या आसपास, पण कॅलिफोर्नियात बऱ्याच जणांना ४० सेंट पडतो, तिथे तेच ३ डॉलरच्या वर जातं आणि साधी प्रायस गॅलनला ५७ मैलांचं मायलेज देते, म्हणजे तेवढ्याच अंतराला साधारण अर्धा गॅलन गॅस (पेट्रोल), मग वाचलं काय?

आणि अपार्टमेंटमध्ये राहत असाल, पार्किंगला प्लग नसेल, तर प्लग-इन अजिबात नको. चार्ज न करता चालवली तर ती जड बॅटरी नुसती वाहून न्यायची आणि मायलेजही ५२ वर येतं. शिवाय ३० सप्टेंबर २०२५ नंतर अशा गाड्यांवरचं फेडरल टॅक्स क्रेडिटही (केंद्र सरकारची करसवलत) बंद झालंय, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नका.